दिव्यावरील पाहुण्यांची वही

दिव्यावर झेपावणारा पतंग आमच्या कवींस मोहाचे प्रतीक वाटला. त्याची जात ओळखून मोजदाद ठेवावी, हे मात्र आम्हांपैकी थोड्यांनाच सुचले. इंग्लंडातील रॉथॅमस्टेड येथील शेतीसंशोधन केंद्रात सी. बी. विल्यम्स या कीटकशास्त्रज्ञाने १९३३ ते १९३६ अशी चार वर्षे दिव्याचा सापळा लावून १५,६०९ पतंग मोजले. ते २४० जातींचे निघाले. पैकी ३५ जातींचा तर एकेकच पतंग आला होता! आर. ए. फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९४३ साली जाती आणि संख्या यांच्या संबंधाचे जे सूत्र मांडले, त्यास ह्या नोंदींचा आधार होता. एकट्या पाहुण्यासही वहीत जागा दिल्याचे हे फळ होय.

पुढे ब्रिटनभर असे सापळे लागले. १९६८ ते २०१७ या काळात तेथील मोठ्या पतंगांची संख्या सुमारे एक-तृतीयांशाने घटली, हे त्यांवरूनच उघड झाले. वही नसती, तर हा ऱ्हास कोणास कळता?

पावसाळ्याच्या रात्री आपणही पडवीत पांढरी चादर ताणून तीपुढे दिवा ठेवावा. पंखांची ठेवण, रेषा व ठिपके तारखेसह टिपावे. नाव न सापडल्यास चित्र काढावे. मग दिवा मालवून पाहुण्यांस निरोप द्यावा. आजची ही ओळ नातवंडांच्या काळी साक्ष ठरेल, असे आम्हांस वाटते.