कोल्हापुरातून निघालेलं पत्र आणि सातासमुद्रापारची मावशी



आपल्यापैकी बऱ्याच जणींची अशी एक तरी मैत्रीण असते, जिला आपण समोरासमोर कधी भेटलेलो नसतो. ओळख झाली ती फोनवर. ती असते गडहिंग्लजला, नाहीतर बेळगावला, नाहीतर थेट दुबईला. दहा-बारा वर्षं झाली तरी रोजचं बोलणं चालू असतं. तिच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं, तिच्या शिलाई मशिनचा पट्टा कधी तुटला, धाकटीला बारावीला किती पडले, सगळं आपल्याला ठाऊक असतं. घरातली माणसं मात्र म्हणतात, "न बघितलेल्या बाईशी एवढं काय बोलायचं असतं?"

आज आपण या प्रश्नाचं उत्तर जुन्या काळात शोधणार आहोत. त्यासाठी फार लांब जायला नको. गोष्ट सुरू होते ती आपल्या कोल्हापुरातच.

साल होतं १८७८. कोल्हापूरला रेल्वे आली ती १८९१ साली, त्यामुळे त्या वेळी इथलं टपाल पुण्यापर्यंत रस्त्यानंच जायचं. गोपाळराव जोशी हे टपाल खात्यातले नोकरदार तेव्हा बदलीवर इथे होते. त्यांची बायको आनंदी, वय वर्षं तेरा. लग्न झालं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिला शिकवायचंच, हा गोपाळरावांचा हट्ट होता. त्यासाठी ते कडक वागत, हेही खरं. तिला अमेरिकेत शिकवता येईल का आणि आपल्याला तिथं काही काम मिळेल का, असं विचारणारं पत्र त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांना लिहिलं. ते रेव्हरंड वाइल्डर यांच्यापर्यंत पोचलं. या वाइल्डरसाहेबांनी १८५२ साली कोल्हापुरात मिशनचं काम सुरू केलं होतं आणि आता अमेरिकेत परतून ते एक मासिक चालवत होते. त्यांनी पत्र मासिकात छापलं, पण उत्तरात मदतीऐवजी धर्म बदलायचा सल्ला दिला. जोशी नवराबायकोला ते मान्य नव्हतं. विषय तिथंच संपल्यासारखा झाला.

पुढचा भाग घडला एका दातांच्या दवाखान्यात. न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर १८८० साली दंतवैद्याकडे आपल्या पाळीची वाट पाहत बसल्या होत्या. समोर मासिकाचा जुना अंक पडला होता. चाळता चाळता कोल्हापूरचं ते पत्र त्यांच्या नजरेस आलं. कार्पेंटरबाई संसारी बाई होत्या, लेकराबाळांच्या आई. पत्र काही त्यांच्या डोक्यातून जाईना. शेवटी त्यांनी आनंदीबाईंना स्वतःच पत्र लिहिलं. तोवर जोशींनी कोल्हापूर सोडलं होतं, पण पत्र बरोबर त्यांच्या हाती पडलं.

तिथून पुढं जवळजवळ तीन वर्षं पत्रं येत-जात राहिली. पत्र आगबोटीनं जायचं, त्यामुळे एका प्रश्नाचं उत्तर यायला दोन-अडीच महिने तरी लागत. आज निळ्या खुणा दिसल्या आणि तासाभरात उत्तर आलं नाही तर आपण रुसतो. त्या दोघी अडीच महिन्यांनी आलेल्या उत्तराला पुन्हा सविस्तर उत्तर लिहायच्या, तेही आनंदीबाईंनी मेहनतीनं शिकलेल्या इंग्रजीत.

काय लिहायच्या? आपण फोनवर बोलतो तेच. आमच्याकडे सण कसे असतात, काय खातो, काय नेसतो, लग्नं कशी होतात, बाईचा दिवस कसा जातो. आनंदीबाई आपलं दुखणंही लिहायच्या. डोकेदुखी, अशक्तपणा, मधूनच ताप. कलकत्त्याला असताना तब्येत फारच ढासळली, तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधं पाठवली. गुण काही आला नाही. पण एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या दोन बायका, आणि एक दुसरीच्या तापावर सातासमुद्रापलीकडून औषध पाठवते! आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायला लागल्या होत्या आणि त्या आनंदीबाईंना भाची. आपल्याकडे मावशी कुणाला म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. आईनंतरचं माणूस ते.

आनंदीबाईंना कोवळ्या वयात मूल झालं आणि दहा दिवसांतच गेलं. बाईच्या दुखण्याला बाई डॉक्टर हवी, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. तरीही परक्या मुलखात एकट्या बाईनं जायचं म्हणजे राहायचं कुठं, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर पत्रांतूनच मिळालं. मावशीनं आपलं घर देऊ केलं.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा वय अठरा. मावशी घ्यायला आल्या होत्या. रोझेलच्या घरात काही महिने काढून त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. तिथल्या थंडीत नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहायच्या, म्हणून त्या गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या. पण साडी सोडली नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना डॉक्टरकीची पदवी मिळाली.

आणि आता गोष्ट परत कोल्हापुरात येते. त्यांना नोकरीचं बोलावणं आलं ते आपल्याच संस्थानाकडून. आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये बायकांच्या विभागाची मुख्य डॉक्टर म्हणून. हे हॉस्पिटल म्हणजे आज दसरा चौकाजवळ आपण ज्याला सीपीआर म्हणतो ते. ज्या गावातून ते पहिलं पत्र निघालं, त्याच गावात त्या डॉक्टर होऊन परत येणार होत्या. पण क्षयानं त्यांना पोखरलं होतं. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईत उतरल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरची खुर्ची रिकामीच राहिली. पुढं शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी याच दवाखान्यात बायकांवर उपचार केले, तेव्हा ते काम एका मराठी बाईच्या हातात आलं.

आनंदीबाईंच्या अस्थी मावशीकडे पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावात, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत. दगडावर नाव आहे. आपल्याकडे माणसाला कुठं ठेवतात ते नात्यावरून ठरतं. आनंदीबाईंसाठी ते पत्रातून जुळलेल्या नात्यावरून ठरलं.

आता मैत्रिणींनो, एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या. हे सगळं आपल्याला कळलं कसं? कार्पेंटरबाईंनी ती पत्रं जपून ठेवली, म्हणून. १८८८ साली बॉस्टनला कॅरोलाइन डॉल या बाईंनी आनंदीबाईंचं चरित्र छापलं, ते या पत्रांच्या आधारावर. पुढच्याच वर्षी आपल्याकडे काशीबाई कानिटकरांनी मराठीत चरित्र लिहिलं, त्यातही पत्रांचाच मोठा आधार आहे. पदवीची तारीख कॉलेजच्या दप्तरात सापडली असती. पण एका मराठी मुलीला परदेशात थंडी कशी वाजली, घरची आठवण कशी आली, हे कुठल्याच दप्तरात लिहिलेलं नसतं. ते मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रातच राहतं.

त्या काळच्या बाकी बायकांचं काय? आनंदीबाई टपालवाल्याच्या बायको होत्या, ब्राह्मण घरातल्या होत्या, लिहायला शिकल्या होत्या. १८७९ साली पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं, पण आपल्या पणज्यांपैकी बहुतेकींना ते लिहिताही येत नव्हतं आणि वाचताही. त्यांचा निरोप माहेरच्या माणसाबरोबर जायचा, जोतिबाच्या यात्रेत भेटलेल्या बाईबरोबर जायचा, नाहीतर जात्यावरच्या ओवीत राहायचा. पुढं लेकी शिकल्या, कार्डं लिहू लागल्या. घराघरांत खुंटीला तार असायची, तिला आलेली कार्डं टोचून ठेवलेली असायची. घर रंगवायला काढलं की ती तार चुलीत जायची. त्यात सावकाराची पावती असती तर कुणीतरी ती आधी काढून घेतली असती. बायकांची पत्रं कुणी काढून घेतली नाहीत, कारण त्यात "काही महत्त्वाचं नव्हतं." कुणाची गाय व्याली, कुणाला दिवस गेले, पावसानं भात कसं आडवं झालं, एवढंच होतं.

आज आपण त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त लिहितो. बचत गटाचं काम, दवाखान्याच्या फेऱ्या, मुलीच्या नोकरीची काळजी, रात्री भांडी झाल्यावर मैत्रिणीला पाठवलेला दोन मिनिटांचा आवाज. आणि फोन बदलला, बिघडला, की सगळं एका क्षणात जातं. तार चुलीत गेली तसंच.

म्हणून आमचं एक सांगणं आहे. माळ्यावर आईची, आजीची जुनी कार्डं असतील तर या आठवड्यात खाली काढा. पाठीमागे पेन्सिलीनं लिहून ठेवा, कुणी कुणाला लिहिलं आणि साधारण कधी. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, दमट हवेत शाई पसरते. कागदी पाकिटात ठेवा. फोनवरच्या मैत्रिणीचं बोलणं जपायचं असेल, तर महिन्यातून एकदा वहीत चार ओळी उतरवा, तारीख घालून. तिला विचारून, हं. तिचं दुखणं तिच्या परवानगीशिवाय कुणाला दाखवायचं नाही, एवढं पथ्य पाळायचंच.

आणि कुणी विचारलं की न बघितलेल्या बाईशी एवढं काय बोलायचं असतं, तर त्यांना रोझेलच्या मावशीची गोष्ट सांगा.