रागीचे शिवार
बंगळूरहून होसूरकडे जाताना कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगुरू ही गावे लागतात. त्यांच्या शिवारात १९७० नंतरच्या दशकात ‘केऑनिक्स’ या सरकारी महामंडळाने ३३२ एकरांवर इलेक्ट्रॉनिक सिटी वसविली. मुलूख मूळचा रागीचा. रागी म्हणजे आपली नाचणी. तिच्या पिठाचा वाफाळता गोळा गिळून (चावायचा नाही, हा तिथला दंडक!) शेतकरी नांगराला जात असे. लक्ष्मणय्यांनी आफ्रिकी वाणांशी संकर करून ‘इंडाफ’ जाती सिद्ध केल्या, त्या भुकेवर उपाय म्हणून. पुढे त्या शिवारात खुर्चीतले काम आले आणि कोलेस्टेरॉलची चिंताही. २०२१ साली इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी १९ अभ्यास एकत्र पारखले, तेव्हा भरडधान्ये खाणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल सुमारे ८ टक्क्यांनी उतरलेले आढळले. उतार खरा, पण बेताचा. ज्यांचे प्रमाण फार चढलेले असते, त्यांना गोळी लागतेच.