पदवी घेता घेता अनुभव कसा जोडायचा?

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची मुलंमुली आमच्याकडे बायोडाटा दाखवायला येतात. नाव, पत्ता, दहावी-बारावीचे टक्के आणि त्याखाली 'अनुभव : नाही'. मागच्या वर्षी असाच एक मुलगा आला. बोलता बोलता कळलं, तो दोन वर्षं ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी संगणकावर करत होता. "ते तर 'कमवा व शिका'चं काम होतं," तो म्हणाला. तो अनुभव धरायचा असतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजात गेलं आहे, तिथे हे सर्रास घडतं.

'कमवा व शिका' ही दयेची मदत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ साली साताऱ्यात शिवाजी कॉलेज काढलं ते याच तत्त्वावर. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासह अनेक ठिकाणी ही योजना चालते. ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा, बाग अशी कामं असतात आणि तासाप्रमाणे मोबदला मिळतो. निवडीला वाव असेल तर आपल्याला पुढे जे करायचं आहे त्याच्या जवळचं काम मागावं. लाजू नये.

राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, १९६९ पासून आहे. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर. पुष्कळ मुलं ती फक्त प्रमाणपत्रासाठी करतात. पण शिबिरात गावाचं सर्वेक्षण झालं असेल, तर प्रश्नावली भरणं, घरोघरी बोलणं, माहितीचा तक्ता करणं हे सगळं तुम्ही शिकलेले असता. सामाजिक संस्थांच्या मुलाखतीत नेमकं हेच विचारतात.

वर्गातला प्रकल्पही उरकून टाकू नका. बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा निबंध ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचला. विद्यार्थी म्हणून लिहिलेला तो निबंध पुढच्याच वर्षी 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला.

इंटर्नशिपबाबत मात्र सावध राहा. नव्या शैक्षणिक धोरणामुळे तिला आता क्रेडिट मिळतात, म्हणून मुलं मिळेल ती धरतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली जी अप्रेंटिसशिप असते तिला विद्यावेतन द्यावंच लागतं. साध्या इंटर्नशिपला तसं बंधन नाही. शहरात खोली आणि मेसचा खर्च करून तीन महिने फुकट राबणं सगळ्यांना परवडत नाही, हे धोरण आखणाऱ्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. तिथे रुजू होण्यासाठी कुणी पैसे मागितले तर सरळ उठून यावं. मूळ कागदपत्रं कुणाकडे ठेवू नयेत. शिष्यवृत्ती किंवा स्वाधार घेत असाल तर हजेरीची अट आधी वाचा, मगच कामाचे तास ठरवा.

आणि प्रत्येक कामाचं पत्र तेव्हाच्या तेव्हा घ्या. काय काम केलं, कधीपासून कधीपर्यंत, खाली सही-शिक्का. ग्रंथालयातल्या त्या मुलाचा बायोडाटा आम्ही एका दुपारी नव्याने लिहून काढला. पत्र मिळवायला मात्र त्याला दीड महिना लागला. त्याचं काम पाहिलेले ग्रंथपाल तोवर निवृत्त होऊन गावी गेले होते.