व्यायामाचा उपदेश आणि औंधचे सूर्यनमस्कार

व्यायाम करावा, शरीर बोजड होऊं देऊं नये, हा उपदेश आपल्याकडे नवा नाहीं. वैद्यकग्रंथांतून तो सुमारें दोन हजार वर्षें होत आला आहे. असें असतां, तो ऐकून सामान्य गृहस्थ नित्यनेमानें घाम गाळूं लागला, असे दाखले मात्र जुन्या वाङ्मयांत विरळ. उपदेश प्राचीन आणि आचार तुटपुंजा, असें हें अंतर कोणीं व कोणत्या उपायांनीं कमी केलें, याची चौकशी औंध संस्थानांतील सूर्यनमस्कारांच्या प्रसाराच्या अनुरोधानें येथें करण्याचें योजिलें आहे. या विषयाचीं साधनें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं पडून असण्याचा संभव आहे. तींच बहुधा आधीं नाहींशीं होतात, म्हणून हा खटाटोप.

(१) प्रथम वैद्यकाचा पक्ष पाहूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत आठ प्रकारचे निंदित देह सांगितले असून त्यांत अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचा विशेष विचार केला आहे. अतिस्थूलाचे आठ दोष तेथें गणले आहेत : आयुष्याचा ऱ्हास, हालचालींत मंदता, मैथुनांत कष्ट, दुर्बलता, दुर्गंधि, घामाचा उपद्रव, अतिशय भूक व अतिशय तहान. कारणांच्या यादींत अतिभोजन, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोंप हीं तर आहेतच. पण सदा आनंदांत असणें व कशाची चिंता न करणें हींही आहेत, आणि शेवटीं बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेली प्रकृति, हेंही कारण दिलें आहे. अध्यायाच्या नांवांत निंदा असली तरी ग्रंथकारानें सगळा दोष रोग्याच्या माथीं मारलेला नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. उपायांत जागरण, व्यायाम व चिंतन हीं क्रमाक्रमानें वाढवावीं असें सांगितलें आहे. हा क्रम पुढें आपल्या कामास येईल.

सुश्रुतानें चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायांत व्यायामाची महती गाइली आहे, आणि स्थूलता घालविण्यास त्याच्या तोडीचें दुसरें साधन नाहीं असें निःसंदिग्ध म्हटलें आहे. परंतु त्यासवेंच मर्यादाही घालून दिली आहे : व्यायाम अर्ध्या बळानेंच करावा, आणि तें अर्धें बळ ओळखण्याची खूण अशी कीं, हृदयस्थानचा वायु तोंडावाटे येऊं लागला, म्हणजे मनुष्य तोंडानें श्वास घेऊं लागला, कीं थांबावें. चरकही अतिव्यायामाचे रोग मोजून दाखवितो, आणि शक्तीबाहेर कष्ट करणाऱ्यास हत्तीला ओढूं पाहणाऱ्या सिंहाची उपमा देतो. ऋतु, वय, बळ व आहार पाहून मात्रा ठरवावी, हें या शास्त्राचें धोरण आहे. सारांश, रोगाचें निदान, उपाय व उपायाची मात्रा, हीं तिन्ही वैद्यांस पक्कीं ठाऊक होतीं. पण वैद्याकडे माणूस दुखणें आल्यावर जातो, आणि त्याचे ग्रंथ संस्कृतांत. तेव्हां निरोगी माणसाच्या कानांपर्यंत हा उपदेश पोंचणें कठीणच.

(२) दुसरा पक्ष मल्लांचा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेला मानसोल्लास हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील ग्रंथ गायकवाड प्राच्यमालेंतून १९२५, १९३९ व १९६१ या सालीं तीन भागांत प्रसिद्ध झाला. त्यांतील मल्लविनोदाच्या प्रकरणांत मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार व त्यांचे श्रम यांचें सविस्तर वर्णन आहे. श्रमांच्या प्रकारांत भार उचलणें, चालणें व पोहणें यांबरोबर स्तंभावरील श्रमही येतो. मल्लखांबाचा जुना उल्लेख म्हणून अभ्यासक याकडेच बोट दाखवितात. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधर यांनीं या विद्येचें पुनरुज्जीवन केलें आणि दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयानें ती पुढें ब्रह्मावर्तास गेली, ही हकीकत सर्वश्रुत आहे.

मल्लांजवळ पद्धति होती, गुरुपरंपरा होती, तालमीची जागा होती. परंतु मानसोल्लासांतील मल्ल हा राजाच्या विनोदासाठीं पोसलेला असे. त्याचा खुराक सरकारांतून चाले आणि त्याचें शरीर हीच त्याची चाकरी. कारकून, भिक्षुक, दुकानदार अथवा घरांतील बायका यांनीं त्याचें अनुकरण करावें, अशी अपेक्षा कोणी केली नाहीं, व तें त्यांस परवडलेंही नसतें.

(३) तिसरा पक्ष उपासकांचा. सूर्याची बारा नांवें व सहा बीजाक्षरें उच्चारून साष्टांग नमस्कार घालण्याचा तृचाकल्पाचा विधि महाराष्ट्रांतील ब्राह्मण घरांत चालत आलेला आहे. त्यांत आरोग्याची अपेक्षा असे, पण ती देवतेच्या प्रसादाची. पोट उतरावें हा हेतु नव्हे. समर्थ रामदासस्वामी टाकळीस असतां रोज बाराशें नमस्कार घालीत, ही कथा आवडीनें सांगण्यांत येते. ती परंपरा म्हणून अवश्य सांगावी. पुरावा म्हणून पुढें करूं नये.

येथें एका कमी परिचित उल्लेखाकडे वाचकांचें लक्ष वेधतों. हठप्रदीपिकेवर ब्रह्मानंदानें लिहिलेली ज्योत्स्ना नांवाची टीका एकोणिसाव्या शतकांतील आहे. योग्यानें वर्ज्य करावयाच्या कायक्लेशांचें उदाहरण देतांना टीकाकार पुष्कळ सूर्यनमस्कार घालणें व ओझें उचलणें या दोहोंचा एकत्र निर्देश करतो. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. औंधच्या पूर्वींच मोठ्या संख्येनें नमस्कार घालणारे लोक होते, आणि त्यांचे ते श्रम भार उचलण्याच्या जातीचे मानले जात, ही एक. असे नमस्कार योगाचें अंग आहेत, हें त्या काळच्या हठयोगाच्या जाणत्यास मान्य नव्हतें, ही दुसरी. सूर्यनमस्कार औंधच्या महाराजांनीं शोधून काढले असें म्हणणारे आणि ते पतंजलीपासून चालत आले आहेत असें म्हणणारे, अशा दोन्ही मंडळींनीं हा उल्लेख नजरेखालीं घालावा.

(४) याप्रमाणें वैद्यापाशीं ज्ञान, मल्लापाशीं पद्धति व उपासकापाशीं नित्यनेम, अशी वांटणी झालेली होती. या तिन्हींची एके ठिकाणीं गांठ घालण्याचें श्रेय आमच्या मतें श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांस द्यावें लागतें. चित्रकार, कीर्तनकार व भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस प्रारंभींच आश्रय देणारे संस्थानिक म्हणून ते आमच्या वाचकांस परिचित आहेतच. त्यांनीं स्वतः दिलेल्या वृत्तांताप्रमाणें १८९७ च्या सुमारास त्यांनीं युजेन सँडो या जर्मनींत जन्मलेल्या व विलायतेंत गाजलेल्या बलवानाचीं साधनें मागवून त्याच्या पद्धतीनें सुमारें दहा वर्षें व्यायाम केला. पुढें १९०८ मध्यें, चाळिशीच्या सुमारास, मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून त्यांनीं नमस्कार आरंभिले, आणि ते अखेरपर्यंत सोडले नाहींत. १९०९ सालीं गादीवर आल्यावर स्वतःच्या देहावर पाहिलेला अनुभव प्रजेच्या घरोघर नेण्याचा त्यांनीं ध्यास घेतला.

त्यांच्या युक्तिवादाची मांडणी विचार करण्याजोगी आहे. नमस्कारास साधनें लागत नाहींत. देहाच्या लांबीएवढी जागा पुरे. जोडीदार नको, आखाडा नको, पैसा नको. मंत्र घरचेच, म्हणून तो परका वाटत नाहीं. आणि मंत्राच्या योगानें श्वासास व गणनेस आपोआप ताल मिळतो. औंधचा नमस्कार दहा स्थितींचा होता. हल्लीं रूढ असलेल्या बारा स्थितींच्या क्रमाशीं तो ताडून पाहावा. व्यायामास आहाराच्या संयमाची जोड त्यांनीं दिली होती. शिवाय, मल्लविद्येच्या कक्षेबाहेर राहिलेला स्त्रीवर्ग त्यांनीं आरंभापासून हिशेबांत धरला. राजघराण्यांतील स्त्रिया नमस्कार घालीत, आणि त्याचा पुस्तकांतून उघड पुरस्कार होई. टिळकांनीं डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष अभ्यास बाजूस ठेवून शरीर कमाविण्यांत घालविलें, ही गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनीं नोंदली असून तिनें पुष्कळ विद्यार्थ्यांस तालमीची गोडी लावली असेल. पण तेथें अनुकरणास जिद्द लागे. औंधच्या मार्गानें जाण्यास सवय पुरे होती.

प्रसाराचे मार्गही अनेक होते. संस्थानच्या शाळांतून नमस्कार सक्तीचे करण्यांत आले. मराठी व इंग्रजी पुस्तकें निघालीं, चलच्चित्र घेण्यांत आलें, आणि १९३६ सालीं महाराज विलायतेस गेले असतां लुईझ मॉर्गन या वृत्तपत्रकार बाईंशीं परिचय होऊन त्यांच्या साह्यानें १९३८ सालीं लंडनमध्यें एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालें. औंध हें अवघ्या ७०-७२ गांवांचें संस्थान. त्याच्या सक्तीची धांव त्याच्या सरहद्दीपर्यंत. सरहद्दीबाहेर जें गेलें तें पुस्तकांच्या व उदाहरणाच्या बळावर गेलें. १९४८ सालीं संस्थान मुंबई इलाख्यांत विलीन झालें, पण नमस्कार चालूच राहिले, यावरून दोहोंतील कोणतें साधन टिकाऊ होतें तें दिसून येईल.

(५) हें कार्य एकट्या औंधचें होतें असें म्हणण्याचा आमचा आशय नाहीं. बडोद्यास प्रो. माणिकराव यांनीं आपल्या मुसलमान उस्तादांच्या नांवानें जुम्मादादा व्यायाममंदिर चालविलें व सांघिक व्यायामास देशी हुकूम दिले. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचें. लोणावळ्याचें कैवल्यधाम व पुण्याचें महाराष्ट्रीय मंडळ हीं दोन्ही १९२४ सालचीं. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं १९३६ ते १९४९ या अवधींत संपादिलेला दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश तर या सर्व चळवळीचें भांडारच होय.

तथापि औंधच्या पद्धतींत एक उणीव होती, आणि ती तिच्या गुणांतूनच उपजली होती. तिचें माप संख्येचें होतें. संख्या सांगावयास सोपी, लिहावयास सोपी, दुसऱ्याशीं ताडून पाहावयास सोपी. म्हणूनच ती पसरली. सुश्रुताचें माप ज्याच्या त्याच्या श्वासाचें होतें. तें अचूक खरें, पण तें दुसऱ्याच्या हातीं देतां येत नाहीं. संख्येचा लोभ सुटला कीं शक्ति मागें राहते व आंकडा पुढें धांवतो. याचा साक्षीदार नाट्यवाङ्मयांत सांपडतो. प्रल्हाद केशव अत्रे यांचें साष्टांग नमस्कार हें विनोदी नाटक १९३३ सालीं रंगभूमीवर आलें; सर्व दुखण्यांवर नमस्कार हाच एक तोडगा मानणारे रावबहादूर हा त्यांतील थट्टेचा विषय. इतिहासकारानें या थट्टेकडे दुर्लक्ष करूं नये. ज्या गोष्टीची प्रेक्षागृहांत थट्टा करतां येते ती गोष्ट प्रेक्षकांच्या परिचयाची झालेली असते. प्रसार कितपत झाला होता, याचा याहून बोलका पुरावा सरकारी अहवालांत क्वचितच मिळेल. आणि अतिरेक कोठें होत होता, तेंही त्याच नाटकावरून कळतें.

आमचा निष्कर्ष असा : लोकांस व्यायामास प्रवृत्त करण्याच्या कामीं रोगाचें भय व देहाची निंदा यांचा उपयोग थोडा झाला. सांगणाऱ्यानें स्वतः आधीं करून दाखविणें, खर्चाची अडचण दूर करणें, ओळखीच्या आचाराशीं सांधा जुळविणें व रोज मोजतां येईल असें कांहीं हातीं देणें, यांचा उपयोग पुष्कळ झाला. मात्र त्या मोजणीस वैद्यांनीं सांगितलेल्या क्रमाचा व अर्ध्या बळाचा लगाम हवा. २०१५ पासून २१ जून हा दिवस योगदिन म्हणून पाळला जातो आणि नमस्कार देशोदेशीं घातले जातात; त्यांस हा रस्ता कोणीं आंखून दिला व त्यांतील खांच कोठें आहे, हें ठाऊक असणें त्यांच्याच हिताचें आहे.

(६) शेवटीं संग्राहकांस एक विनंति. सनद, महजर, इनामपत्र यांस आपण फडक्यांत बांधून जपतों. परंतु तालमीच्या वर्गणीची वही, आखाड्याची हजेरी, शाळेंत लावलेला नमस्कारांचा तक्ता, आजोबांनीं रोजच्या नमस्कारांचा आंकडा टिपून ठेविलेली रोजनिशी, हीं रद्दींत जातात. राजानें काय सांगितलें तें छापील पुस्तकांत आहे. लोकांनीं त्यांतलें किती ऐकलें, किती दिवस केलें आणि कां सोडलें, तें केवळ या कागदांतच सांपडण्याजोगें आहे. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते क्षुल्लक समजून टाकूं नयेत. निदान त्यांची नक्कल करून ठेवावी. माणसांनीं आपल्या देहाशीं केलेल्या झगड्याची एवढीच काय ती दप्तरनोंद उरलेली आहे.