तरफांची गिटार आणि झाकिरभाईंचा तबला

५ जुलै १९७५ रोजी न्यू यॉर्क राज्यातल्या साउथॅम्प्टन कॉलेजात एक मैफल झाली. तिचंच ध्वनिमुद्रण पुढच्या वर्षी 'शक्ती' या गटाचा पहिला अल्बम म्हणून बाजारात आलं. गिटारवर इंग्लंडचे जॉन मॅक्लॉफ्लिन, व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विनायकराम, मृदंगमवर राघवन आणि तबल्यावर माहीमचे झाकिर हुसेन. झाकिरभाईंचं वय तेव्हा २४.

मॅक्लॉफ्लिन यांचा कान लहानपणी घडला तो ब्लूजवर. ब्लूज म्हणजे अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांच्या लेकरांचं गाणं. त्या गुलामांत मुसलमानही पुष्कळ होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? इतिहासकार सिल्वियान दियूफ अजान आणि अमेरिकेतल्या मजुरांची 'लेव्ही कॅम्प हॉलर' ही हाळी एकामागून एक ऐकवत. स्वर लांबवायचा, घशातच त्याला हेलकावे द्यायचे, ही रीत दोन्हींत दिसते. हा तर्कच आहे, सगळे अभ्यासक तो मानतील असं नाही. पण एकदा ऐकून बघा.

ब्लूजचा गिटारवाला तार ओढून स्वर वाकवतो, आपल्याकडे त्याची सख्खी बहीण मींड. 'शक्ती'साठी मॅक्लॉफ्लिन यांनी गिटारच बदलून घेतली. मुख्य सहा तारांखालून तिरप्या सात तारा बसवल्या आणि स्वर जास्त ओढता यावा म्हणून पडद्यांमधलं लाकूड खोलगट करून घेतलं. त्या जादा तारा म्हणजे तरफाच! जयसिंगपूरकरांना तरफा काय हे समजावायला नको. अंकलीचा पूल ओलांडला की मिरज, आणि तिथल्या सतारमेकरांच्या गल्लीत हेच काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. हत्यारांना धार लावणारे शिकलगार तिथे सतारी घडवू लागले, त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. मला या अल्बमची थोरवी इथे वाटते. पाहुणा आपलं वाद्य जसंच्या तसं घेऊन आला नाही, यजमानांच्या रीतीप्रमाणे ते बदलून आला.

विक्री मात्र यथातथाच. तीन अल्बम झाले आणि गट विखुरला.

डिसेंबर २०२४ मध्ये झाकिरभाई गेले, तेव्हा आमच्यातलेच एक बुजुर्ग म्हणाले, "नाव मुसलमानाचं, आयुष्य वाजवण्यात गेलं." मी वाद घातला नाही. झाकिरभाई स्वतः एक आठवण सांगत. ते जन्मले तेव्हा बाळाच्या कानात दुआ म्हणायची, तर अब्बाजी अल्लारखाँसाहेबांनी तबल्याचे बोल म्हटले. अम्मी रागावल्या. अब्बाजी म्हणाले, हीच माझी दुआ. हेच झाकिर पुढे लहानपणी पहाटे अब्बांकडे तबला शिकत, मग मदरशात जात आणि तिथून मिशनरी शाळेत.

मिरजेतच ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. ते १९३७ साली गेले. उरुसाला तिथे आजही गवय्ये येऊन गातात. त्या बुजुर्गांना यंदा तिकडे घेऊन जायचं ठरवलं आहे.