पुतळी : नाणे आणि दागिना

दागिन्यांच्या इतिहासातील कालखंडांना सहसा राजवटींची नावे मिळतात : जॉर्जियन, व्हिक्टोरियन, एडवर्डियन; आपल्याकडे मोगल, पेशवाई. लिलावगृहांना ही विभागणी सोयीची वाटते. पुतळ्यांची माळ मात्र तिच्यात नीट बसत नाही.

सोन्याच्या गोल चकत्या पटवेकऱ्याने रेशमात गाठवलेली ही माळ आपण अस्सल मराठी मानतो. तिच्यातील 'पुतळी' हे मुळात व्हेनिसचे नाणे. १२८४ मध्ये तिथे डुकाट हे सोन्याचे नाणे पाडले जाऊ लागले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ निर्भेळ. एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा शासक, 'डोज', आणि दोघांमध्ये ध्वजाची काठी. दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या लंबगोलात उभा ख्रिस्त. १७९७ मध्ये नेपोलियनने ते प्रजासत्ताक संपवले, तोवर पाच शतके या नाण्याचे रूप फारसे बदलले नाही. मिरी-मसाल्याच्या मोबदल्यात ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येत राहिले. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातील नाण्यांची यादी आहे. तीत मोहरा आणि होन यांच्याबरोबर पुतळ्याही येतात.

नावच बोलके आहे. इथल्या बाजारात लॅटिन अक्षरांना अर्थ नव्हता, आकृत्यांना होता. त्या आकृत्यांत कुणाला राम-सीता दिसले. या समजुतीला हसणे सोपे आहे. मला मात्र ते एक वाचन वाटते, आणि पुढे त्या वाचनाने वस्तूच बदलली. भारतीय कारागिरांनी डुकाटच्या प्रतिकृती घडवल्या, तेव्हा डोजचे नाव विरघळत नुसत्या रेघा उरल्या. अस्सल नाण्याचा काळ त्या नावावरून ठरवता येतो, प्रतिकृतीचा नाही. म्हणून संग्राहक तिला 'नकली' ठरवून बाजूला सारतो, आणि नाण्याच्या कहाणीतला भारतीय भागही तिच्याबरोबर बाजूला पडतो. पुढे पातळ पत्र्यावर ठशाने लक्ष्मी उमटवलेल्या चकत्या आल्या. नाणे गेले, 'पुतळी' राहिली.

शब्दांचा प्रवासही असाच वळणाचा आहे. अरबी 'सिक्का' व्हेनिसला पोहोचून टांकसाळीचे नाव 'झेक्का' झाला. त्यावरून डुकाटला 'झेक्किनो' म्हणू लागले, इंग्रजीत त्याचे 'सिक्विन' झाले. आज साडीवर टाकायच्या चमकत्या टिकल्यांचे हेच नाव आहे. मराठीत त्याच अरबी शब्दाचा 'शिक्का' झाला.

अशा माळेचे वय सांगायचे तरी कोणते? नाणे पाडले तेव्हाचे, त्याला कडी लावली तेव्हाचे, की रेशीम शेवटचे बदलले तेव्हाचे? त्यात लग्नाकार्याला, अडीनडीला जुना डाग मोडून नवा घडवायची आपली रीत. सराफ मोडीचे वजन करतो. घडणावळ हिशेबात धरत नाही, आणि डोजचे नाव तर नाहीच नाही.