अनेक वर्षांनी पुन्हा घोडेस्वारी? मेंदूला आठवतं, मांड्या विसरतात!

शाळेत घोडेस्वारी शिकलेली व्यक्ती १०-१५ वर्षांनी पुन्हा खोगिरावर बसली, तर बरंचसं लगेच आठवतं. लगाम कसा धरायचा, रिकिबीत टाच खाली कशी ठेवायची, दुडकी चालीत कधी उठायचं. सायकल किंवा पोहण्यासारखंच हे अंगवळणी पडलेलं कौशल्य, ते सहसा पुसलं जात नाही.

घोळ पुढेच होतो. पक्की मांड टिकते ती मांडीच्या आतल्या बाजूच्या, पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंवर. सराव सुटला की ही ताकद ओसरते, आत्मविश्वास मात्र जुनाच असतो. तोल जाऊ लागला की स्वार पाय आवळतो आणि लगाम ओढतो. घोड्याच्या दृष्टीने पाय म्हणतात 'चल' आणि हात म्हणतात 'थांब'. बिचारा गोंधळतो, कधी उधळतो.

मधल्या वर्षांत वाढलेलं वजनही मोजावं लागतं. घोड्यावर त्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपेक्षा जास्त भार नको, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे ४०० किलोच्या घोड्यावर खोगिरासह ८० किलो.

माळ्यावरचं जुनं हेल्मेटही पुन्हा वापरू नये. एकदा जोरात आपटलेलं तर नाहीच, कारण आतला फोम दबलेला बाहेरून दिसत नाही.

सुरुवात शांत घोड्यावर, प्रशिक्षकाने लांब दोरीवर गोल फिरवत, अर्ध्या तासाने करणं उत्तम. माथेरानची रपेट मात्र सरावात धरू नये. तिथे पर्यटकांचा लगाम बहुतेकदा घोडेवाल्याच्याच हातात असतो.